अठ्ठावन्न किलो

१

फोरमनना निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, तरी गल्लीत, बाजारात, दवाखान्यात सगळे त्यांना फोरमनच म्हणायचे. बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं काढलेला माणूस. गाडी फाटकातून आत येतानाच नुसत्या आवाजावरून तिचं काय बिनसलंय ते सांगायचा, आणि सहसा चुकायचा नाही. त्यांच्या बायकोला लोक बाई म्हणत, कारण त्या शाळेत शिकवायच्या. घरात फोरमनही चेष्टेनं तेच म्हणायला लागले, आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

त्यांच्याकडे बावीस वर्षांची एक व्हॅन होती. खोक्यासारखी, बोजड, पण चारही चाकांना जोर असलेली. चिखल असो की चढ, कुरकुर न करता ओढायची. तिच्यात खोट एकच. डावीकडचं, म्हणजे बाईंच्या बाजूचं दार बिजागरीतून खाली उतरलं होतं. आतून कितीही ओढा, लागायचं नाही. फोरमनना उतरून, वळसा घालून, दार बोटभर वर उचलून बाहेरून आपटावं लागायचं.

"साऱ्या डेपोच्या गाड्या दुरुस्त केल्यात," बाई दर वेळी म्हणायच्या, "आणि स्वतःच्या बायकोचं एक दार तेवढं राहिलं."

"मुद्दाम ठेवलंय. नाहीतर तुझ्यासाठी दार लावायला मी कधी उतरलो असतो?"

हे बोलणं इतक्यांदा झालं होतं की त्यात आता हसू उरलं नव्हतं. नुसती ऊब उरली होती.

ट्रेलर फोरमननी स्वतः बनवला होता. बाईंचे गुडघे गेले होते, तासाभरापेक्षा जास्त बसवत नसे, आणि धाकट्या बहिणीकडे जायचं तर घाट ओलांडून दोन दिवसांचा रस्ता. म्हणून मागच्या अंगणात आठ महिने खपून त्यांनी एक छोटं चालतं घर उभं केलं. पुढच्या खिडकीला लागून एक बिछाना, एक शेगडी, पाण्याची टाकी, कोपऱ्यात कपाटाएवढी मोरी. वाटेत कुठंही गाडी थांबवावी, बाईंनी आत जाऊन पाठ टेकावी, मग पुढं निघावं. चालत्या ट्रेलरमध्ये मात्र माणूस बसवायचा नाही, हा त्यांचा कडक नियम. डेपोच्या काट्यावर टाकी भरून, भांडीकुंडी ठेवून त्यांनी त्याचं वजन केलं होतं. नऊशे बासष्ट किलो. त्यातला प्रत्येक स्क्रू त्यांच्या हातचा, म्हणून तो आकडा त्यांना स्वतःच्या जन्मतारखेसारखा पाठ होता.

२

पहिला दिवस छान गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराच्या सुमाराला त्यांनी बंद पडलेल्या एका पेट्रोल पंपाशी गाडी थांबवली. पंपाची यंत्रं केव्हाच काढून नेली होती. नुसते चौथरे राहिले होते, आणि मागच्या भिंतीला एक नळ, ज्याला अजून पाणी होतं. सावली अशी नव्हतीच. ऊन पांढरं झालं होतं.

बाई उतरल्या, गुडघा धरून जरा उभ्या राहिल्या, आणि पडायला म्हणून ट्रेलरमध्ये गेल्या. जाता जाता काहीतरी बोलल्या, फोरमननी मान डोलावली. मग त्यांनी ट्रेलरची टाकी काठोकाठ भरली, व्हॅनच्या रेडिएटरमध्ये पाणी घातलं, मागचा जोड हलवून पाहिला, साखळी पाहिली. नळाखाली डोकं धरलं. या सगळ्याला वीसेक मिनिटं गेली असतील.

डोकं पुसत ते पुढं आले, तर बाई आपल्या जागेवर बसलेल्या. पट्टा लावलेला. हात मांडीवर. नजर समोर.

"अगं, झोपणार होतीस ना?"

"झाली झोप."

"एवढ्यात?"

"झाली."

फोरमन सवयीनं डावीकडे वळसा घालून गेले, दार उचलायला हात पुढं केला, आणि थांबले. दार लागलेलं होतं. नीट, चौकटीत बसून, फट न ठेवता.

"हे कोणी लावलं?"

"लागलं," बाई म्हणाल्या.

फोरमन दोन क्षण त्या दाराकडं बघत राहिले. उन्हानं पत्रा फुगतो, बिजागरी सरकते, कधीकधी असं होतं, असं त्यांनी मनाशी म्हटलं. बरंच झालं की. मग मागं जाऊन त्यांनी ट्रेलरचं दार ओढलं, कडी घातली, कुलूप लावलं. खड्ड्यात ते दार उघडतं, म्हणून निघताना कुलूप घालायचं ही रोजची गोष्ट. आत डोकावायचं काही कारण नव्हतं. आत होतं कोण?

३

निघाल्यावर दहाएक मिनिटांत फोरमनना वाटायला लागलं की काहीतरी चुकतंय. काय ते कळेना. इंजिनाचा आवाज बरोबर होता. गिअर बरोबर पडत होते. पण चढाला व्हॅनचं नाक किंचित वर उचललं जात होतं आणि मागून कोणीतरी हलकेच धरून ठेवल्यासारखं होत होतं.

टाकी काठोकाठ भरली म्हणून, असं ते म्हणाले. म्हणजे मोठ्यानं म्हणाले. 

मग त्यांच्या लक्षात आलं की वास गेलाय. बाई गुडघ्याला मलम लावायच्या. कापूर घातलेलं, झणझणीत. गेली दोन वर्षं घर, गाडी, उशा, सगळं त्याच वासाचं होतं. सकाळी व्हॅनमध्ये तो इतका होता की फोरमननी काच खाली केली होती. आता काचा बंद होत्या, आणि व्हॅनला फक्त तापलेल्या रबराचा वास येत होता.

"मलम नाही लावलंस?"

"नको आता."

"दुखत नाही?"

"नाही."

रस्त्याच्या कडेला एक पाटी आली. लांब होती, अक्षरं बारीक. "घाट एकोणतीस किलोमीटर. अवजड वाहनांना वजन करणे बंधनकारक," बाईंनी सरळ वाचून दाखवलं. फोरमननी बाजूला पाहिलं. बाईंच्या नाकावर चष्मा नव्हता. चष्म्याशिवाय त्यांना समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा वाचता येत नसे.

त्यांना विचारायचं होतं. पण एखाद्याला 'तुला इतकं चांगलं कसं दिसतंय' असं काय विचारणार? तक्रार करण्यासारखं त्यात होतं तरी काय? दार लागतंय, गुडघा दुखत नाही, डोळे सुधारलेत. चौतीस वर्षं जो माणूस बिघाड शोधत आला, त्याला सगळंच एकाएकी दुरुस्त झालेलं पाहून भीती वाटावी, हे त्यांनाच विचित्र वाटलं.

त्यांनी आरशात पाहिलं. व्हॅनच्या मागच्या काचेतून ट्रेलरची पुढची खिडकी दिसायची. तिचा पिवळा पडदा सकाळी त्यांनी स्वतः ओढून घेतला होता. आता तो एका बाजूला सरकलेला होता. काचेवर ऊन पडून ती नुसती चमकत होती, आतलं काही दिसत नव्हतं. फक्त खालच्या कोपऱ्यात तळहाताएवढा एक भाग चमकत नव्हता. मग चमकायला लागला. मग पुन्हा नाही.

ठक्, ठक्, ठक्.

आवाज जोडातून, चासीतून, सीटमधून त्यांच्या पाठीत आला. थोडं थांबून पुन्हा तीन.

"ऐकलंस?"

"भांडं असेल," बाई म्हणाल्या.

"भांडी मी पट्ट्यानं बांधलीयत."

"मग सुटलं असेल. चला तुम्ही. वर जायला घाट चारला बंद करतात."

हे बाईंना कुठून माहीत, असा विचार फोरमनच्या मनात आला आणि त्यांनी गाडी कडेला घेतली. उतरून ते ट्रेलरजवळ गेले आणि पत्र्याला कान लावला. पत्रा इतका तापला होता की कान भाजला. आतून आवाज नव्हता. पण शांतता रिकाम्या जागेची नव्हती. आपण फोनवर बोलता बोलता थांबावं आणि पलीकडचाही त्याच वेळी थांबावा, तशी होती.

ते परत येऊन बसले. कुलूप काढून आत पाहिलं नाही. किल्ली खिशातच होती.

४

घाटाच्या पायथ्याशी मोकळं मैदान होतं, एका कडेला वजनकाटा, आणि काट्याशेजारी उंचावर एक खोली. ट्रेलर ओढणाऱ्या गाड्यांना ट्रेलर हजार किलोंपर्यंतचा असला तरच घाटात सोडत. खोलीतला काटेवाला जाडजूड होता, आणि भर उन्हाळ्यात सर्दीनं बेजार. खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "आधी ट्रेलर एकटा घ्या. जोड काढा, गाडी पुढं करा."

फोरमननी जोड काढला, व्हॅन काट्याच्या पुढं नेली. बाई बसूनच राहिल्या. फोरमन खोलीच्या खिडकीखाली जाऊन उभे राहिले.

"नऊशे बासष्ट भरेल बघा," ते म्हणाले.

काटेवाला आकड्यांकडे बघत राहिला. रुमालानं नाक पुसलं. पुन्हा बघितलं.

"एक हजार वीस. पण थांबेना झालाय."

"काय थांबेना?"

"आकडा. एकोणीस होतोय, एकवीस होतोय, परत वीस." त्यानं खाली वाकून फोरमनकडे पाहिलं. "जनावर आहे का हो आत? आधी सांगायचं ना. जिवंत माल असला की असाच नाचतो आकडा. पोती असली की धोंड्यासारखा बसतो."

"रिकामा आहे. मी आणि बायको, दोघंच आहोत. ती तिकडे गाडीत बसलीय."

काटेवाल्यानं व्हॅनकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "बघून घ्या एकदा आत."

फोरमननी कुलूप काढलं.

आधी वास आला. मलमाचा, कापराचा, ताजा. मग उकाडा. बिछान्यावरची चादर चुरगळलेली, उशीला डोक्याचा खळगा. उशीशेजारी चष्मा. खुंटीला बाईंची पिशवी. घरात फोन एकच होता, तो बाईंचा, आणि तो त्या पिशवीतच असायचा. बिछान्याच्या कडेला विणकाम होतं. धाकटीसाठी बाई स्वेटर विणत होत्या. काल रात्री एक बाही झाली होती, दुसरी सुरूही नव्हती. आता दुसरी बाही कोपरापर्यंत आली होती, आणि सुया टाक्यांत तशाच अडकलेल्या होत्या, जणू नुकत्याच हातातून ठेवल्यात.

माणूस कोणी नव्हतं. मोरीचं दार लोटलेलं होतं. तिथं बघायचं नाही, असं काही फोरमननी ठरवलं नव्हतं. पण त्यांचे पाय तिकडे गेले नाहीत.

"तुम्ही चढलात तेव्हा बरोबर बहात्तर वाढले," बाहेरून काटेवाला ओरडला. "बहात्तर आहे ना तुमचं? म्हणजे काटा चोख आहे."

काटा चोख होता. फोरमन दारात उभे राहून वजाबाकी करत होते. खरं तर करायचं काही नव्हतंच. मागच्याच आठवड्यात गुडघ्याच्या डॉक्टरांनी बाईंना वजनाच्या यंत्रावर उभं केलं होतं, आणि बाहेर आल्यावर बाई पहिला नंबर आल्यासारख्या म्हणाल्या होत्या, "दोन किलो उतरलं. अठ्ठावन्न."

पाणी मुरलं असेल लाकडात. डेपोचा काटा जुना, तोच चुकीचा असेल. धूळ, चिखल, टायरात अडकलेले खडे. अठ्ठावन्न किलो खडे! फोरमनच्या कानशिलावरून घाम ओघळला. मोरीच्या दारामागे काहीतरी हललं, किंवा हललं नाही. ते मागं सरत खाली उतरले, दार लावलं आणि कडी घातली. कुलूप लगेच बसेना. मग बसलं.

५

"सोडत नाही मी असं," काटेवाला म्हणाला. "वीस किलो कमी करा. टाकीतलं पाणी काढा. नाहीतर ट्रेलर इथं मैदानात ठेवून जा, उद्या येऊन न्या. पुष्कळ लोक ठेवतात."

पाणी सोडलं की प्रश्न मिटला असता. शंभर लिटरची टाकी, पाच मिनिटांचं काम. फोरमननी तोटीकडे हातही नेला. आणि त्यांच्या लक्षात आलं की हा ट्रेलर पुन्हा आपल्या पाठीमागे जोडायची आपली हिंमत नाही. जो आठ महिने स्वतःच्या हातांनी घडवला, त्याला ते घाबरले होते.

व्हॅनमधून बाईंनी काच खाली केली. "ठेवा इथंच ते. येताना नेऊ."

"तुझी पिशवी आत राहिली. चष्मा, औषधं—"

"काही लागत नाही मला."

"धाकटीला फोन करायचा असेल तर?"

"आता तर पोचतोच आहोत." आणि मग अगदी बाईंसारखं, मान जराशी तिरकी करून, "अहो, चला ना."

काटेवाल्याच्या मदतीनं फोरमननी ट्रेलर मैदानाच्या टोकाला ढकलला, चाकांना दगड लावले. तिथं झाड नव्हतं. पावणेतीनचं ऊन होतं. काटेवाल्यानं पावती लिहिली. तिच्यावर 'प्रवासी' म्हणून एक रकाना होता. त्यानं पेन टेकवलं, व्हॅनकडे पाहिलं, आणि रकाना तसाच सोडून पावती फोरमनच्या हातात दिली.  खिडकी लावून घेतली.

व्हॅन हलकी झाली होती. पहिल्याच वळणावर ती इतकी सहज वर चढली की फोरमननी सुटकेचा श्वास सोडला. मागं मैदानातून काही आवाज येतोय का, याकडे त्यांनी कान दिला नाही. काचा बंद होत्या. बाई शेजारी होत्या. घाटभर त्या समोर बघत होत्या आणि फोरमन बोलत होते, ब्रेकबद्दल, जुन्या डेपोबद्दल, धाकटीच्या नवऱ्याच्या घोरण्याबद्दल. एरवी ते गाडी चालवताना बोलत नसत.

६

धाकटी फाटकातच उभी होती. साडेचार वाजले होते. व्हॅन पूर्ण थांबायच्या आत ती धावत आली, आणि बाईंच्या बाजूला न जाता फोरमनच्या खिडकीशी आली.

"भावोजी, ताई कुठंय? ट्रेलर कुठंय?"

 त्यांनी डावीकडे पाहिलं. बाई बसल्या होत्या. हात मांडीवर.

"बोला ना! दुपारपासून तिचे फोन. रेंज नाही, अर्धं कळतंय, अर्धं नाही. पहिल्यांदा दीडला आला. तेव्हा हसत होती हो. म्हणाली, 'अगं, हे मला न उठवताच निघाले, विसरलेच मला. मी मागं ट्रेलरमध्ये. ठोकतेय तरी ऐकू जात नाही.' मग म्हणाली…" धाकटीनं खिडकीची कड घट्ट धरली. "म्हणाली, 'पुढं कोणाशी तरी बोलतायत गं हे. मला खिडकीतून दिसतंय. माझ्या जागेवर कोणीतरी बसलंय.'"

फोरमनना स्टिअरिंगवरचे आपले हात दुसऱ्या कोणाचे तरी वाटायला लागले.

"मी म्हटलं ऊन लागलंय तुला. मग तीनच्या आधी पुन्हा आला. तेव्हा रडत होती. म्हणाली, 'दार उघडून आत आले. मी समोर बसलेय. हाक मारली, हात धरला. माझ्याकडे बघितलं. आणि मागं सरून परत कुलूप लावून गेले.'"

"मी… तिथं कोणी नव्हतं," फोरमन म्हणाले.  "मी बघितलं ना. कोणी नव्हतं."

"मग तिसरा. त्यात नुसता श्वास." धाकटीनं त्यांचा दंड धरून हलवला. "कुठं ठेवलंत तिला?"

फोरमननी किल्ली फिरवली. धाकटी वळसा घालून डाव्या दाराशी आली.

"मागं बस," फोरमन ओरडले.

"पुढची जागा रिकामी आहे की!"

"मागं बस म्हणतो ना!"

धाकटी मागं बसली. शेजारी बाईंनी हळूच पाय जवळ घेतले, कोणाला तरी वाट दिल्यासारखे, आणि पुन्हा समोर बघायला लागल्या. त्यांना बाई म्हणणं फोरमननी तिथंच सोडलं.

७

घाट उतरायला त्यांना दीड तास लागला. धाकटी मागून सारखी फोन लावत होती. फोन बंद होता. शेजारची ती एकदाच बोलली, शेवटच्या वळणावर.

"कशाला एवढी घाई," ती म्हणाली.

धाकटीला ते ऐकू गेलं नाही.

मैदानात ट्रेलर ठेवला तिथंच होता. चाकांना दगड तसेच. काट्याची खोली बंद होऊन कुलूप लागलं होतं. ऊन उतरलं होतं, पण पत्रा अजून हात लावू देत नव्हता. धाकटी "ताई! ताई!" करत पत्र्यावर दोन्ही हातांनी थापा मारत होती. फोरमननी कुलूप काढलं. ते कोणी छेडलेलं नव्हतं, हे त्यांनी नंतर शंभरदा सांगितलं, आणि ते खरं होतं.

आत कोणी नव्हतं.

मोरीचं दार सताड उघडं. मोरी कोरडी. टाकी मात्र अर्धी झाली होती. पाण्याच्या भांड्याला बोटांचे ओले ठसे होते, आणि ते बघता बघता वाळले. पिशवी उपडी. फोन बिछान्यावर, बॅटरी संपलेला. पुढच्या खिडकीची काच आतून तळव्यांच्या डागांनी भरून गेली होती, एकावर एक, एकावर एक, बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीला. दाराच्या आतल्या बाजूला कडीपाशी लाकडाचे ढलपे निघाले होते, आणि विणकामाची एक सुई वाकून जमिनीवर पडली होती.

धाकटी बिछाना उचकटत होती, फळ्या काढत होती, जिथं मांजरही मावलं नसतं तिथं हात घालत होती. फोरमन बिछान्याच्या कडेवर बसले. उशीवर हात ठेवला. खळगा अजून होता. आणि उबदार होता. पण त्या पत्र्याच्या डब्यात सगळंच उबदार होतं.

त्यांनी डोळे वर केले. काचेवरच्या डागांमधून बाहेर व्हॅन दिसत होती, तिची मागची काच, आणि काचेतून डाव्या सीटवरचं डोकं. केसांचा अंबाडा बाईंचाच. ते डोकं वळलं नाही. पण ज्या सीटवरून आरशात मागचं दिसत नाही, तिथून ती आरशात बघत होती, आणि आरशात तिचे डोळे फोरमनकडे होते. फोरमन किती वेळ बघत राहिले, त्यांना ठाऊक नाही. एवढंच आठवतं की त्या डोळ्यांत राग नव्हता, आनंद नव्हता. एखादी बाई बस कधी सुटतेय याची वाट बघत बसते, तसे होते ते.

८

चौकशी झाली. पोलिसांनी मैदान पालथं घातलं, घाटात माणसं पाठवली, बंद पंपाच्या मागची विहीरसुद्धा उपसली. काटेवाल्यानं साक्ष दिली की ट्रेलर आला तेव्हा त्यात काहीतरी जिवंत होतं, आणि गाडीत त्याला तरी कोणी दिसलं नव्हतं. साहेबांनी फोरमनना तीन दिवस बसवून ठेवलं. फोरमननी सगळं सांगितलं. दोन गोष्टी सोडून. शेजारच्या सीटवर कोण होतं हे सांगायला त्यांनी तोंड उघडलं की समोरच्या बाकावर ती बसलेली असायची, हात मांडीवर, आणि ते दुसरंच काहीतरी सांगायला लागायचे. शेवटी पुरावा काही मिळाला नाही, म्हातारा भ्रमिष्ट झालाय असं कागदावर आलं, आणि त्यांना घरी सोडलं.

बाई सापडल्या नाहीत.

व्हॅन आता अंगणात उभी असते. डावं दार छान लागतं.

चार महिन्यांनी धाकटी आली. बहिणीचे कपडे, पुस्तकं न्यायला. या वेळी तिनं भावोजी म्हटलं नाही. गुमान दोन पिशव्या भरल्या. मग दमून पुढच्या खोलीत खिडकीजवळच्या खुर्चीवर बसली, आणि बसल्या बसल्या उठली. दंड चोळले. "इथं गार लागतंय," असं स्वतःशीच म्हणून ती पलीकडच्या स्टुलावर जाऊन बसली. फोरमननी खिडकीकडे पाहायचं टाळलं.

 धाकटीनं पिशव्यांची तोंडं बांधली.

"मला एकच सांगा," धाकटी शेवटी म्हणाली. तिचा राग संपलेला होता. ते रागापेक्षा वाईट होतं. "मला फोनवर जे बोलली ते माझ्याजवळ आहे. तुमच्याशी शेवटचं काय बोलली ती? त्या पंपावर. मला ते हवंय."

फोरमनच्या डोळ्यांपुढं पांढरं ऊन आलं. गुडघा धरून उभ्या राहिलेल्या बाई. ट्रेलरच्या पायरीवर एक पाय. मागं वळून बोललेलं ते वाक्य, ज्याला त्यांनी पाण्याचा पाइप ओढता ओढता मान डोलावली होती. साहेबांना त्यांनी ते सांगितलं नव्हतं. कोणालाच नाही.

"म्हणाली," फोरमन म्हणाले, आणि त्यांनी खिडकीकडे पाठ फिरवली. "म्हणाली, 'पाच मिनिटं पडते. निघायच्या आधी उठवा हं मला.'"

धाकटीनं पदर तोंडाला लावला. मग उठून, पिशव्या उचलून, ती बाहेर पडली. फाटक वाजलं. तिची पावलं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आली.

खिडकीजवळच्या खुर्चीतून, बाईंच्याच आवाजात, खरंच माहीत नसल्यासारखं, तिनं विचारलं,

"मग? उठवलंत का?"